दोन जेवणं चुकली तर

धनलक्ष्मीकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिच्या ओठांमुळे. पाचवीचा वर्ग होता, शाळा नुकतीच सुरू झालेली. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून एक नवी मुलगी त्या दिवशी वर्गात आली होती. तिला कन्नडखेरीज काही येत नव्हतं आणि ती बाकाच्या कडेला अंग चोरून बसली होती. मी फळ्यावर लिहीत होते, बोलत होते. थोड्या वेळानं मला जाणवलं की मी काही सांगितलं की ही मुलगी क्षणभर थांबते आणि मग बरोबर तेच करते. वही उघडा म्हटलं की उघडते, समास सोडा म्हटलं की सोडते. तिच्या मागच्या बाकावर दोन घट्ट वेण्या घातलेली एक सावळी मुलगी, म्हणजे धनलक्ष्मी, मान खाली घालून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मी चार वाक्यांत सांगत होते ते ती पुढच्या मुलीच्या मानेशी कन्नडमध्ये एका वाक्यात सांगत होती.

मी जवळ गेले तशी ती गप्प झाली आणि न सांगताच तिनं तळहात पुढे केला. मी मुलांना मारत नसे, हे तिलाही माहीत असणार. तरी हात पुढे आला. मी म्हटलं, सांग की पुढचं, थांबलीस का? पण मी शेजारी उभी असेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी फळ्याकडे परतले तेव्हा ओठ पुन्हा हलू लागले.

धनलक्ष्मी भित्री होती. गल्लीतल्या कुत्र्याला भ्यायची, शाळेच्या जिन्यावरच्या अंधाऱ्या वळणाला भ्यायची आणि वर्गात उभं राहून उत्तर द्यायला तर फारच. उत्तर तिला येत असे. एकदा तिनं मला विचारलं होतं, "बाई, बसून सांगू का?" मी हो म्हटलं, आणि तिनं सगळी कविता बसून बिनचूक म्हटली.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या शाळेपासून जवळच तिच्या वडिलांची खानावळ आहे. वर राहायचं, खाली खानावळ. सोमशेखर उंच माणूस, खांद्यावर पंचा, बोलणं कमी. आई नीलम्मा, वळसंगकडची, माहेरची कन्नड, चुलीपाशी. ज्वारीच्या भाकऱ्या थापून तिचे तळहात पांढुरके झालेले असत. जेवायला येणारी बहुतेक कॉलेजची मुलं, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून शिकायला आलेली. सोमशेखर सगळ्यांना वाढत पंक्तीतून फिरत राहायचा. मी त्या घरी इतक्या वेळा गेले, पण त्याला खाली बसलेलं क्वचितच पाहिलं.

त्या खानावळीचा एक नियम होता. महिन्याचं जेवण लावलेला मुलगा सांगितल्याशिवाय दोन जेवणं चुकला, की सोमशेखर स्वतः डबा घेऊन त्याच्या खोलीवर जायचा. दार वाजवायचा, डबा समोर ठेवायचा, खाली बसायचा आणि विचारायचा, काय झालं. मुलगा जेवून होईपर्यंत उठायचा नाही. खाली पंक्ती खोळंबली तरी खोळंबू दे. मुलं चेष्टा करायची. एकजण सिनेमाला गेला म्हणून रात्री चुकला आणि सकाळी उशिरापर्यंत झोपला, तर हा डबा घेऊन हजर. "मालक, आमची आई पण एवढी मागं लागत न्हाय," असं तो म्हणाल्याचं नीलम्मानं मला हसत सांगितलं होतं. सोमशेखर त्यावर हसला नव्हता.

नियमामागचं कारण पेठेत जुन्या लोकांना ठाऊक होतं. धनलक्ष्मी दुसरीत असताना करकंबचा नवनाथ नावाचा एक मुलगा तिथं जेवायचा. एका शनिवारपासून तो यायचा बंद झाला. गावाकडं गेला असेल असं सगळ्यांनी धरलं. तो खोलीतच होता, काविळीनं पडून. कुणी दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. सिव्हिलमध्ये नेलं, पण तो वाचला नाही. त्याचे वडील नंतर खानावळीत आले. भांडले नाहीत. माझा मुलगा कुठं बसायचा एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्या जागी थोडा वेळ बसून निघून गेले. त्या घरात नवनाथचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. फक्त डबा तेवढा जात राहिला. धनलक्ष्मी त्या घरात मोठी झाली. भीती तिनं कुठून आणली असं कुणी विचारलं तर मला दुसरं उत्तर देता येणार नाही.

करोनाच्या काळात खानावळ बंद पडली, शाळा बंद पडली आणि घरातला एकुलता मोबाइल धनलक्ष्मीच्या हातात आला. त्यात तिला कुठली तरी एक बाई सापडली, लहान मुलांना स्पॅनिश शिकवणारी. रंग, फळं, भाज्या, नाती. धनलक्ष्मी तेव्हा नववीत. बालवाडीच्या पोरांबरोबर तीही म्हणू लागली. मग मोठ्यांचे धडे, मग बातम्या. मी निवृत्त झाले होते. ती संध्याकाळी माझ्याकडे यायची आणि मला वाचून दाखवायची. मला त्यातलं अक्षर कळत नसे. पण जी मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती तिचा आवाज त्या भाषेत मोकळा निघतो एवढं कळत होतं.

एवढी लांबची भाषा का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मराठी बोलले की शाळेतल्या पोरी हसायच्या, कन्नड येतं म्हणून. कन्नड बोलले की वळसंगची मामेभावंडं हसतात, मराठी येतं म्हणून. ह्या भाषेत मला हसायला कुणीच नाही, बाई."

अकरावीत तिनं गल्लीतल्या चार मुलांना गच्चीवर बसवून स्पॅनिश शिकवायला घेतलं. मी एकदा जाऊन पाहिलं. एक मुलगी अडली की ही तिला उभं करत नसे; स्वतः तिच्याशेजारी जाऊन बसे. शिक्षक कोण होतो आणि कोण होत नाही हे तीस-पस्तीस वर्षांनी आपल्याला ओळखता येतं. ही होणार होती.

बारावीनंतर काय, हा प्रश्न आला आणि त्या घरातली झोप उडाली. स्पॅनिशची पदवी सोलापुरात नाही. बाहेर जायचं म्हणजे मुलीला एकटं ठेवायचं. शोधून शोधून दोन वाटा दिसल्या. हैदराबादला केंद्र सरकारचं विद्यापीठ होतं, तिथं तीन वर्षं स्पॅनिशच शिकवत. पण प्रवेश परीक्षा होती. दुसरी वाट आपण होऊन घरी चालत आली. पुण्याच्या अलीकडच्या एका खाजगी कॉलेजचा माणूस मुलं गोळा करत पेठेत फिरत होता आणि जेवायला खानावळीतच येत होता. त्याच्याजवळच्या चकचकीत पुस्तिकेत परदेशी भाषांचा फोटो होता. परीक्षा नको, काही नको. फी मात्र अशी, की खानावळीची वर्षाची कमाई तीत गेली असती.

मला वाटलं, इथं निवड सोपी आहे. पण सोमशेखरला हैदराबादच्या फीचा आकडा सांगितला तेव्हा तो आनंदला नाही, उलट घाबरला.

"बाई, एवढ्या स्वस्तात काय देणार ते?" तो म्हणाला. "मी थाळीचा भाव पाच रुपयं उतरवला तर गिऱ्हाईक इचारतंय, कालची भाजी हाय काय म्हणून."

नीलम्मा आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "मग आपली खानावळ बी वाईटच की. समद्या पेठेत स्वस्त आपलीच हाय."

"ते येगळं," सोमशेखर म्हणाला. कसं वेगळं ते त्यानं सांगितलं नाही. सरकार फी भरतं, सवलत असते, हे मी परोपरीनं समजावलं. तो मान डोलवत राहिला आणि त्याचं भय तसंच राहिलं. स्वस्त जागेत कुणाचं कुणाकडं लक्ष नसतं, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. तरीही मी धनलक्ष्मीला हैदराबादचा अर्ज भरायला लावला आणि तिनं परीक्षा दिली. पास होईल असं तिलाही वाटत नव्हतं, त्यामुळे कुणी अडवलं नाही.

निकालाच्या आधी आम्ही खाजगी कॉलेज पाहायला गेलो. तिथलं इंग्रजी कळणार नाही म्हणून सोमशेखरनं मला बरोबर घेतलं. काचेची इमारत, थंडगार खोली, समोर टाय लावलेला तरुण. सोमशेखरनं ना शिक्षकांबद्दल विचारलं ना परीक्षांबद्दल. त्याचा एकच प्रश्न होता. "पोरगी दोन येळा जेवली न्हाय तर कुणाला कळंल?"

त्या तरुणाला आधी नीट समजलं नाही. मग त्यानं सांगितलं की इथं मेसमध्ये कार्ड लावावं लागतं, आणि कार्ड लागलं नाही तर पालकांच्या मोबाइलवर मेसेज जातो. सोमशेखरनं ते माझ्याकडून पुन्हा समजून घेतलं. मग खांद्यावरचा पंचा काढून त्यानं तोंड पुसलं. इतका निवांत चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

स्पॅनिशचं मी विचारलं. पदवी पर्यटनाची होती. स्पॅनिश आठवड्यातून दोन तास, बाहेरून येणाऱ्या शिक्षकाकडून, तेही पुरेशी मुलं जमली तर. धनलक्ष्मी माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिचा हात खुर्चीच्या कडेवर घट्ट आवळलेला होता.

परतीच्या गाडीत सोमशेखर खिडकीला डोकं टेकून झोपून गेला. मी तिला हळूच म्हटलं, अगं, तुला स्पॅनिशची शिक्षिका व्हायचंय ना? त्या पदवीवर तुला कुठल्याही शाळेत कुणी स्पॅनिश शिकवायला घेणार नाही. वडिलांना सांग. ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अप्पा किती दिवसांनी असे झोपलेत, बाई."

पुढच्या आठवड्यात हैदराबादचा निकाल आला. तिला जागा मिळाली होती. ती निश्चित करायला थोडेच दिवस होते, आणि खाजगी कॉलेजचा माणूसही पहिला हप्ता मागायला रोज दुपारी थाळीवर येऊन बसत होता. धनलक्ष्मीनं निकाल फक्त मला सांगितला. मी सोमशेखरशी बोलते म्हटलं तर तिनं माझा हात धरला. नको, मीच सांगेन. पण दिवस जात होते आणि ती सांगत नव्हती. ती खाली यायची, वडील वाढत फिरत असायचे, आणि ही पाण्याचे तांबे भरून परत वर जायची. मला रात्री दचकून जाग येऊ लागली. हिची जागा हिच्या भित्रेपणात जाणार, असं दिसत होतं.

एका दुपारी सोमशेखर माझ्या दाराशी आला. हातात डबा होता. तोंड उतरलेलं.

"बाई, लक्ष्मी काल रात्री जेवली न्हाय. आज दुपारी बी न्हाय. तुमी चला."

मी चप्पल घातली आणि त्याच्यामागे गेले. खाली पंक्ती बसलेली होती, तो कडेनं गेला, कुणाकडे पाहिलं नाही. जिना चढताना त्याच्या हातातल्या डब्याचं झाकण वाजत होतं. धनलक्ष्मी वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ताप नव्हता, रडणं नव्हतं. सोमशेखरनं डबा तिच्यासमोर ठेवला आणि तो फरशीवर बसला.

"काय झालं? दुखतंय काय?"

"न्हाय."

"मग?"

ती म्हणाली, "तुमी बसावं म्हणून जेवले न्हाय, अप्पा. तुमी उभे असला की मला बोलता येत न्हाय."

त्याला ते कळायला वेळ लागला. मग तिनं निकाल सांगितला, आणि पुण्याकडच्या कॉलेजात स्पॅनिश किती आहे तेही सांगितलं. सोमशेखर ऐकत होता, पण त्याची मान नकारार्थी हलत होती.

"तितं मेसेज येतो," तो म्हणाला. "हैदराबादला आपलं कोण हाय?"

"पुण्याकडं मी जेवले न्हाय तर तुमाला कळंल. मी शिकले न्हाय तर कुणाला कळणार?"

खालून ताटांचा आवाज येत होता. कुणीतरी भाजी मागत होतं. सोमशेखर डब्याच्या कडीवर बोट फिरवत होता.

"नवनाथ बी शिकायलाच आला होता की," तो म्हणाला.

ते नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बहुधा तिनंही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला बी लई भ्या वाटतंय, अप्पा. गेले तरी वाटणार, ऱ्हायले तरी वाटणार."

त्यानं डबा उघडला, भाकरी मोडून तिच्या हातात दिली. ती जेवून होईपर्यंत तो बसून राहिला. मग डबा उचलून खाली गेला. होय की नाही ते त्यानं सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खाजगी कॉलेजचा माणूस आला तेव्हा सोमशेखरनं त्याला नेहमीसारखं वाढलं आणि जेवण झाल्यावर सांगितलं, आमचं जमणार न्हाय साहेब, उद्यापासनं नुसतं जेवायला या. तो माणूस पुन्हा आला नाही.

मुलीला पोचवायला नवराबायको दोघंही हैदराबादला गेले. करोनानंतर पहिल्यांदाच खानावळीला कुलूप लागलं. मी माझ्या गुडघ्यांमुळे गेले नाही. परत आल्यावर सोमशेखर माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहिला. तिथल्या वसतिगृहाच्या बाईंना त्यानं आपला प्रश्न हिंदीत विचारला होता. त्यांनी सांगितलं, इथं शेकडो मुली जेवतात, कोण आली नाही ते आम्ही मोजत नाही; एका खोलीत तिघी असतात, त्या एकमेकींना बघतात.

"खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं," सोमशेखर म्हणाला.

पहिले दोन महिने कसे गेले ते मी पाहिलं आहे. ती रोज रात्री फोन करायची, आणि फोन येईपर्यंत तो वाढताना पदार्थ विसरायचा. मग गणपतीनंतर एका रात्री फोन आलाच नाही. सकाळी लावला, उचलला नाही. दुपारी ऐन जेवणाच्या वेळी तो माझ्या दारात आला, हाताला पीठ लागलेलं. त्यानं पीठ कशाला मळलं होतं कोण जाणे. ते काम नीलम्माचं. मागोमाग तीही आली. आम्ही तिघं माझ्या पुढच्या खोलीत बसलो आणि मी नंबर लावत राहिले. पलीकडे घंटा वाजायची आणि थांबायची. हैदराबादचा अर्ज तिला भरायला लावणारी मीच होते. समोर बसलेल्या दोघांकडे मला बघवत नव्हतं. नीलम्मा ओठातल्या ओठात कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होती. सोमशेखर एकदाच बोलला. "शनवार हाय आज." नवनाथही शनिवारपासूनच यायचा थांबला होता.

तीनच्या सुमारास सोमशेखरच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून फोन आला, तो त्यानं माझ्या हातात दिला. एक मुलगी भरभर इंग्रजी बोलत होती. मी ऐकून घेतलं आणि आधी मान हलवून दोघांना सांगितलं, आहे, आहे, बरी आहे. धनलक्ष्मीला रात्री ताप चढला होता. खोलीतल्या दोघींनी तिला दवाखान्यात नेलं होतं आणि फोन खोलीतच राहिला होता. सलाइन संपत आलं होतं. घरचा नंबर तिला स्वतःला नीट सांगता येईपर्यंत एवढा वेळ गेला होता.

सोमशेखर संध्याकाळच्या बसनं निघाला. तिला घेऊन यायचं, एवढंच तो नीलम्माला सांगून गेला. मला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा एकटाच होता.

त्यानं जे सांगितलं ते असं. ती अशक्त होती. तुम्ही म्हणाल तर येते, म्हणाली होती. तो 'चल' म्हणणार एवढ्यात तिची शिकवणारी बाई भेटायला आली. दोघी त्या भाषेत बोलू लागल्या. "काय बोलत होत्या देव जाणे," सोमशेखर म्हणाला, "पण लक्ष्मी मोठ्यानं बोलत होती, बाई. ती बाई उभी होती तरी बोलत होती. घरात अशी बोलत न्हाय ती." मग त्यानं तिच्यासाठी आणलेल्या भाकऱ्या आणि शेंगांची चटणी खोलीतल्या तिघींत वाटून दिली आणि तो स्टँडवर आला.

त्याची भीती गेलेली नाही. रात्रीचा फोन उशिरा आला की तो आजही माझ्या दाराशी येतो, आणि खरं सांगायचं तर तो यायच्या आधीच मी घड्याळ पाहिलेलं असतं.

धनलक्ष्मी आता हैदराबादला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे तिला एम.ए. करायचं आहे आणि त्याची प्रवेश परीक्षा तिला पुन्हा द्यावी लागणार आहे.